गाडीच्या दारावरचं काटोल

वझे साहेब रोज सकाळी हातात खडू घेऊन आपल्या गाडीभोवती फिरायचे. जिथं जंगाचा ठिपका दिसला, तिथं त्याच्या कडेनं रेघ ओढायचे. दुसऱ्या दिवशी ठिपका रेघेबाहेर आला की समजायचं, वाढला. सर्वे ऑफिसात नकाशे काढायची नोकरी, म्हणून ठिपक्यांनाही आमच्या आसपासच्या गावांची नावं. मागच्या दारावर काटोल, डिक्कीवर मौदा. मडगार्डावर गल्लीबोळांसारखी पसरलेली ती इतवारी, आमच्या शहरातला बाजार.

"रामटेके, आज काटोल वाढलं हो," ते फाटकातून मला सांगायचे.

"वाढू द्या साहेब, तिथल्या संत्र्याचा भाव उतरन."

त्यांना हसू यायचं नाही. नखानं खरवडून पाहायचे आणि स्वतःलाच सांगायचे, "वरवरचा आहे. खोल गेलेला नाही." मग मातीतेलाचं, म्हणजे रॉकेलचं फडकं, काचपेपर, वरून लावायच्या लाल ऑक्साइडचा डबा. रविवार त्यातच जायचा.

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. बस डेपोत ब्रेकचं काम करण्यात जन्म गेला. सजवून लिहिता येत नाही, म्हणून सरळ सांगतो: हा माणूस मला येडाच वाटायचा. गाडी घासायची, पुसायची, आणि चालवायची नाही. ऑफिसला सायकलनं जायचे. आठवड्यातून एकदा गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची, परत आणून उभी करायची, झालं. पुण्याहून बदलून आलेला एकटा माणूस. काहून असं करता म्हणून विचारावं तरी कसं?

ते शेजारी राहायला आले त्याच आठवड्यात आमच्या दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, गंजावर काही आहे का तुमच्याकडे?"

आमच्याकडे लोखंडाला लागतो तो जंग. गंज म्हणजे दूध तापवायचं भांडं. शेवंतानं आत डोकावून पाहिलं. म्हणाली, "गंजावर झाकण आहे, साहेब. झाकण पाहिजे का?"

"झाकण कशाला? गंजानं नुसता जीव खाल्लाय माझा."

"मंग कढई नेता का?"

मी मधी पडलो नसतो तर ते कढई घेऊन गेले असते. शेवंता आता नाही. पण ते बोलणं आठवलं की मी एकटा बसून हसतो.

त्या वर्षी श्रावणात आठ दिवस झड लागली. उघडीप झाल्यावर साहेबांनी गाडी हलवली, तर चाकातून खर्र आवाज. धावत माझ्याकडे आले.

"रामटेके, ब्रेकला गंज. ड्रम उघडा, आतून काचपेपर मारू."

"साहेब, अंगाचा जंग घासल्यानं जाते, ब्रेकचा जंग चालवल्यानं. पातळ पापुद्रा आहे तो. दोन-चार मैल फिरवा, दहा-बारा खेपा ब्रेक दाबा, आपोआप साफ होते."

"आणि ब्रेक नाही लागला तर? भरवसा वाटेपर्यंत मी गाडी बाहेर काढणार नाही." त्यांनी फाटकाला कुलूपच लावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून शेवंताचं पोट दुखायला लागलं. ओव्याचं पाणी दिलं, शेकलं. नऊ वाजता तिला सरळ होता येईना. मी रस्त्यावर आलो, तर रिक्षावाला म्हणे रात्रीच्या पावसानं चौकात गुडघाभर पाणी, येत नाही. मी तसाच गल्लीत उभा राहिलो, काय करावं सुचेना. वझे साहेब ऑफिसला निघाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आमच्या दारातून येणारं कण्हणं ऐकलं. सायकल तिथंच आडवी टाकली आणि फाटकाचं कुलूप काढलं.

मी मागं बसलो, तिचं डोकं मांडीवर. पहिल्याच वळणावर खर्र.

"रामटेके, ब्रेक."

"दाबा साहेब. सोडा. पुन्हा दाबा. लागून राहिला ना?"

"लागतोय."

"मंग तो आवाज जंगाचा आहे. भेवाचं काम नाही."

शेवंता कण्हत म्हणाली, "मी इथं मरून राहिली, आन् तुमी दोघं ब्रेकचंच बोलून राहिले."

पाणी टाळायला इतवारीच्या बाजारातून जावं लागलं. तिथं हातगाड्यांची गर्दी. भांड्यांनी भरलेल्या एका हातगाडीचा कोपरा गाडीला पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत खरडत गेला. मी डोळे मिटले. काटोल गेलं. आता हा माणूस खाली उतरते, खडू काढते. पण वझे साहेबांनी मान वळवली नाही. हॉर्न दाबत पुढं निघाले. दवाखाना येईपर्यंत ब्रेकचा आवाज बंद झाला होता.

अपेंडिक्स होतं. फुटायच्या आत आणली म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झाल्यावर, संध्याकाळी मी बाहेर आलो. कडुनिंबाखाली गाडी उभी. साहेब आत बसलेले, दोन्ही हात स्टेअरिंगवर, पाय ब्रेकवर गच्च. इंजिन सकाळपासून बंद.

"वहिनी?"

"वाचली, साहेब."

तेव्हा त्यांनी पाय काढला. म्हणाले, "पुण्यात आमच्या हिला दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही. टांगा आला तोवर उशीर झाला होता." मग काचेतून समोर पाहत म्हणाले, "नंतर मी ही गाडी घेतली. तेव्हा घरात न्यायला कोणी उरलं नव्हतं."

त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर लाल ऑक्साइड वाळलेलं होतं, ते मी नखानं काढत बसलो.

शेवंता त्यानंतर अठरा वर्षं जगली. मागच्या वर्षी झोपेतच गेली, कोणाला धावायला लावलं नाही. घर खायला उठते, खोटं काहून सांगू? पण ती त्याच दिवशी गेली असती तर, असं मनात येते, आणि नाही गेली हे आठवून मोकळा श्वास येते.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी तिला घरी आणलं. साहेबांनी तिला पुढं बसवलं, मला मागं. रस्ता कोरडा, गर्दी नाही, तरी गाडी बैलगाडीसारखी. सायकलवाले मागून येऊन पुढं निघून चालले.

"साहेब," शेवंता म्हणाली, "इतकी हळू काहून चालवून राहिले? अजून आवाज येते का?"

"नाही वहिनी," वझे साहेब म्हणाले. "आज घाई नाही."