अडतीस नंबरची शेवटची जोडी

मानवाच्या प्रगतीचा पाया म्हणजे पाय, याबद्दल आता जाणकारांत दुमत उरलेलं नाही. जे समाज अनवाणी राहिले ते मागे पडले, आणि ज्यांनी फितीचे बूट घातले ते पुढे गेले, निदान फितीत पाय अडकून पडेपर्यंत तरी. त्यामुळे कोलंबियातल्या आमच्या उकाड्याच्या बारांकियात, गल्लीच्या तोंडाशी 'लांब ढांग' नावाचं खेळाच्या बुटांचं भव्य दुकान उघडलं, तेव्हा प्रगती आपल्या पायांनी दारात आली आहे हे आम्ही ताबडतोब ओळखलं. खूण अशी की काचेचं दार उघडलं की आतून गार वारा येत होता.

आमच्या गल्लीत धावणारे नागरिक नाहीत. (एक होता. पण तो कुत्र्याच्या पुढे धावत होता, आणि त्यात त्याची हौस अशी काही नव्हती.) तरीही उद्घाटनाच्या सकाळी अख्खी गल्ली दुकानात हजर होती. खेळाची आवड माणसात उपजत असते, फक्त तिला एसी लागतो.

दुकानाचे व्यवस्थापक सेन्योर पिन्सोन खास राजधानी बोगोताहून आलेले. बोगोता डोंगरात आहे. तिथली माणसं बारा महिने कोट घालतात आणि लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवतात. कोट आमच्याकडे पहिल्या दिवशीच उतरतो, विश्वासाला थोडा वेळ लागतो. त्यांनी मुख्य कचेरीचं परिपत्रक भिंतीवर लावलं होतं: 'ज्याच्या पायात दुकानाचा बूट आहे, तो ग्राहक विचाराधीन समजावा. विचाराधीन ग्राहकास घाई करू नये व बसण्यास आसन द्यावे. अन्य व्यक्तींनी आत रेंगाळू नये.'

गल्लीने हे कलम वाचलं आणि विचाराला बसली.

इतका खोल विचार आमच्या गल्लीने निवडणुकीतही केलेला नाही. कोणी डॉमिनोचा डाव मांडून विचार केला, कोणी बुतिफार्रा सॉसेजवर लिंबू पिळून केला, तर तिघांनी घोरून केला. मी स्वतः त्रेचाळीस नंबर घालून विचार करत होतो. (माझं माप चाळीस. पण विचार मोठा असावा.) युर्लेदिस नावाची विक्रेती मुलगी सगळ्यांना विचारत फिरत होती, "काका, तुम्ही आठवड्याला किती धावता?" आणि काका प्रामाणिकपणे सांगत होते, "अजून ठरवतोय."

दुपारपर्यंत दुकानातली प्रत्येक जोडी कोणाच्या ना कोणाच्या पायात होती. उरली एक. अडतीस नंबर. नेमके त्याच वेळी दारातून उबाल्दो चारिस शिरला आणि त्याच्या मागोमाग एदिल्सा.

उबाल्दो हा आमचा न्हावी. देह भव्य, पाय मात्र नवरीसारखे नाजूक. एदिल्सा कार्निव्हलचे झगे शिवते. देह काडीसारखा, पावलं भक्कम. दोघांचं माप एकच. एके काळी ते नवराबायको होते आणि सपातांचा एकच जोड आळीपाळीने घालत. घरात पंखाही एकच होता, आणि त्याने तोंड कोणाकडे करावं यावरून संसार मोडला. उबाल्दो पंखा उचलून समोरच्या घरात राहायला गेला. तेव्हापासून दोघं समोरासमोर राहत होते आणि बोलत नव्हते. पाद्रीबाबा, दोन्हीकडचे नातेवाईक आणि एक भविष्य सांगणारी बाई, सगळ्यांनी प्रयत्न करून पाहिले होते. पण त्यांच्यापैकी कोणाकडेच एसी नव्हता.

आता उबाल्दोने डावा बूट धरला आणि एदिल्साने उजवा.

"सोड," उबाल्दो म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"तूच सोड की. सोडून जाण्यात तुझा हात कोण धरणार?"

डॉमिनोचा डाव थांबला. घोरणाऱ्यांपैकी दोघं जागे झाले.

"मी आधी आलो."

"मेल्या, आधी आलास कारण मला धक्का मारून आलास! युर्लेदिस, पोरी, तू पाहिलंस ना?"

युर्लेदिसने काहीच पाहिलं नव्हतं, आणि एव्हाना दोघांनी आपापल्या हातातला बूट पायात चढवला होता. तिने सेन्योर पिन्सोनना बोलावलं. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं. एक बूट पायात असलेला माणूस विचाराधीन धरावा की रेंगाळणारा, याबाबत मुख्य कचेरी गप्प होती. शेवटी त्यांनी कपाळ पुसत निर्णय दिला: दोघं मिळून एक ग्राहक. एका ग्राहकास एक आसन. सबब दोघांनी एकाच आसनावर बसावं.

आसन एका माणसाच्या बेताचं होतं आणि उबाल्दो दीड माणसाच्या. दोघं एकमेकांकडे पाठ करून टेकले. कोणी उठलं असतं तर दुसरं पडलं असतं, त्यामुळे कोणी उठेना. कायद्याने संसार सावरतो असं म्हणतात, ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

आणि मग वीज गेली.

आमच्याकडे वीज जाण्यात बातमी नसते. पण दार काचेचं, खिडकी एकही नाही, त्यामुळे थोड्याच वेळात दुकानाची भट्टी झाली. गल्लीचा विचार झटक्यात पूर्ण झाला. सगळ्यांनी बूट काढले, सपाता चढवल्या आणि "छान आहेत हो, पुन्हा येऊ" असं सांगत रस्ता धरला. (मीही निघालो होतो, पण त्रेचाळीसच्या फितीला गाठ बसली होती. त्यामुळे पुढचं मी खाली वाकून, निरुपायाने ऐकलं.)

ते दोघं तसेच बसून होते.

"जा की," एदिल्सा म्हणाली. "आता कशाला बसलायस? वारा गेला तुझा."

"तू जा ना."

"मी बूट घ्यायला आलेय. गुडघे दुखतात माझे. मशीनवर बसून बसून." मान वळवून ती म्हणाली, "किती घाम रे तुला! अजून तसाच गळतोस."

तिने बुटाच्या खोक्याचं झाकण उचललं आणि स्वतःला वारा घालू लागली. मग हात जरा मागे गेला. चुकून गेला असेल. पण मग तिकडेच राहिला.

"पंखा चालतो का रे अजून?" तिने विचारलं.

"चालतो. मान तेवढी अडकलीय."

"कुठल्या बाजूला?"

उबाल्दो बुटाची फीत ओढत राहिला. "तुझ्या," तो म्हणाला. "मी घेऊन गेलो त्या दिवसापासून. रिकाम्या उशीला वारा घालतो मेला, आणि मी शेजारी उकडत पडतो."

"मग उशीवर सरकायचं ना, माठ्या!"

"ती तुझी बाजू आहे."

एदिल्साचं झाकण थांबलं. नाक ओढल्याचा आवाज आला. मग झाकण दुप्पट वेगाने हलायला लागलं. माझी गाठ केव्हाच सुटली होती, पण मी वाकूनच राहिलो. माणसाला काही सभ्यता असते.

जोडी दोघांनी मिळून घेतली. बाहेर पडताना त्याच्या पायात डावा बूट होता, तिच्या पायात उजवा. दुसरा पाय दोघांचाही सपातेत. टप-फट, टप-फट करत दोघं भर उन्हात गल्लीच्या मधोमध चालत गेले आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. आठवड्याच्या आत उबाल्दो पंखा घेऊन परत आला. मान काही सुटेना, म्हणून त्यांनी पलंगच सरकवला.

सेन्योर पिन्सोननी मुख्य कचेरीला अहवाल धाडला: विक्री एक जोडी, समाधानी ग्राहक दोन. बोगोतात आनंदीआनंद झाला. एका जोडीमागे दोनशे टक्के समाधान कंपनीच्या इतिहासात नव्हतं. तज्ज्ञांची समिती बसली. एसी चालू असताना विक्री शून्य आणि बंद असताना एक, हे तिच्या चाणाक्ष नजरेतून सुटलं नाही. आता देशभरातल्या सगळ्या शाखांत एसी बंद ठेवतात.

ही हकिगत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. माणसं शहाणी, शिकलेली, भावनाशील. ऐकताना डोळे पुसतात. पण संपल्यावर त्या दोघांचं कसं चाललंय हे अजून एकानेही विचारलेलं नाही. सगळे जरा घुटमळतात आणि मग तेच विचारतात, जे तुम्ही मघापासून ओठांवर धरून बसला आहात. जोडी हिरवी होती, पट्टा पांढरा. नाही, तुमच्या मापात आली नव्हती.