सुरमईसाठी फेरतपासणी

"आज गुरुवार आहे, मासे नकोत," असं म्हणून कमळाकर आजगावकरांनी दार लावून घेतलं आणि ते पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले. बाहेरच्या बाईनं शांतपणे परत बेल वाजवली.

"मी मावरा इकाला नाय आले," ती दारातून म्हणाली. "घर बगाला आले. कुत्र्याचा अर्ज तुमचाच ना?"

अर्ज कमळाकरांचा असला तरी त्यांनी केलेला नव्हता. त्यांच्या मुलीनं, गीतांजलीनं, तो बंगळुरूत बसून ऑनलाइन भरला होता. बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेनं टाकलेला फोटो तिनं आईला पाठवला होता. दहा वर्षांची तपकिरी कुत्री, एक कान फाटलेला. तिच्या घरचे लोक नव्या टॉवरमध्ये राहायला गेले आणि जाताना तिला जुन्या गेटवर ठेवून गेले. स्मिताबाईंनी तो फोटो दिवसातून चार वेळा उघडून पाहिला आणि पाचव्या वेळी नवऱ्याला दाखवला.

कमळाकरांनी लगेच होकार दिला. कुत्री त्यांना मुळीच नको होती. पण नेरूळमधली त्यांची इमारत सिडकोची, जुनी. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात साठीपुढची दोन माणसं. कुठलीही शहाणी संस्था हा अर्ज फेटाळणार, मग आपण कशाला वाईट व्हायचं, असा त्यांचा हिशेब होता.

घर बघायला आलेल्या भागीरथीबाई जवळच्याच सारसोळे गावच्या. सकाळी मासळी विकायच्या, दुपारी संस्थेचं काम करायच्या. सुटका केलेली चार-पाच कुत्री कायम त्यांच्या अंगणात असायची. त्यांनी वही उघडली, चपला काढल्या आणि सगळं घर पायाखाली घातलं. बाल्कनीच्या ग्रीलमध्ये हात घालून म्हणाल्या, "ही फट वीतभर हाय. कुत्रीचा डोका अडकंल."

"वीत हे काही प्रमाणित माप नव्हे," कमळाकर म्हणाले. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, तेहतीस वर्षं. त्यांनी कपाटातून टेप आणली, फट मोजली, दुसऱ्यांदा मोजली आणि टेप गुंडाळून ठेवली. फट वीतभरच होती.

"तुमी दिवसभर काय करता, साहेब?"

"वाचतो."

"आनि बोलता कोनाशी?"

कमळाकरांनी बायकोकडे पाहिलं. स्मिताबाई चहात साखर घालण्यात गुंतल्या होत्या. भागीरथीबाईंनी काहीतरी लिहून घेतलं, चहा घेतला आणि त्या गेल्या.

निकाल दुसऱ्या दिवशी दोघांच्याही फोनवर आला. स्मिताबाईंनी तो मोठ्यानं वाचला. "घर चांगलं. जिना आहे, पण कुत्री हळूहळू चढेल. ग्रीलला जाळी लावली की झालं. ताई उत्तम. साहेब दिवसभर कोणाशी बोलत नाहीत, पेपर वाचतात. कुत्री आधीच घाबरलेली आहे, तिला बोलतं घर पाहिजे. सध्या नापास."

कमळाकर उठून उभे राहिले. "म्हणजे जिना पास, मी नापास?"

"तसंच दिसतंय," स्मिताबाई म्हणाल्या. "जाऊ द्या ना. नाहीतरी तुम्हाला कुत्रं नकोच होतं."

"मी नको म्हणणं वेगळं, आणि मला नको म्हणणं वेगळं. मी तेहतीस वर्षं लोकांना पास-नापास केलंय, स्मिता. वीस मिनिटांत माणसाचा निकाल लावता येत नाही. फेरतपासणीचा अधिकार प्रत्येकाला असतो."

हा अधिकार मागायला ते दुसऱ्या दिवशी सकाळी सारसोळ्याच्या मासळीबाजारात गेले. भागीरथीबाई बांगडे लावत होत्या. त्यांनी वर न बघता सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तुमी मला वळखला नाय," त्या म्हणाल्या. "मी तुमाला दारातच वळखला. अठरा वर्सां झाली, तुमी माझा तराजू उचलून नेला होता."

कमळाकरांचा चेहरा उजळला. "म्हणजे सूड आहे तर हा. मला वाटलंच."

"सूड कसला? काटा खोटाच होता, माज्या दिरानं आनलेला. तुमी दुरुस्त करून ठप्पा मारून दिलात, अजून तोच वापरते." त्यांनी बोटानं तराजू दाखवला. "फेरतपासनी पायजे ना? उद्या नाय, पुडच्या रविवारी चार वाजता येते. पन साहेब, कुत्र्याशी बोलाला शिका तवर. चला, तिला बगून तरी घ्या."

बाजारामागेच त्यांचं घर होतं. अंगणात वाळत टाकलेल्या जाळ्याखाली तीच तपकिरी कुत्री पडली होती. भागीरथीबाईंनी तिचं नाव सुरमई ठेवलं होतं. ती उठली, कमळाकरांचा बूट हुंगला आणि त्यावर बूड टेकून बसली. बसली ती बसलीच. पाय कसा सोडवून घ्यायचा हे त्यांना कळेना आणि सांगायचं कुणाला हेही कळेना. दहा मिनिटं ते तसेच उभे होते. घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "जरा उशीर झाला."

आता तयारी सुरू झाली. शुक्रवारी ग्रीलला जाळी लागली. शनिवारी सकाळी कमळाकर इमारतीच्या गेटवरच्या काळ्या कुत्र्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. मी आजगावकर." कुत्रं उठून पार्किंगमध्ये निघून गेलं. हे स्मिताबाईंनी खिडकीतून पाहिलं.

काळ्या कुत्र्यानं निराशा केल्यावर कमळाकरांना एक युक्ती सुचली. वरच्या मजल्यावर राजेश्वरी नावाची मुलगी एकटी राहायची. तिच्याकडे मफिन हा लॅब्राडोर होता, कुणाच्याही गळ्यात पडणारा. रविवारी तासाभरासाठी मफिन आपल्याकडे असला, आपण त्याच्याशी चार शब्द बोललो, त्यानं शेपूट हलवली, की पुरावा समोर. राजेश्वरीलाही त्या दिवशी उलव्याला मैत्रिणीच्या वास्तुशांतीला जायचं होतं. तिनं आनंदानं पट्टा हातात दिला.

"काका, तो एकदम शहाणा आहे. फक्त दार उघडं ठेवू नका. बाकी काही टेन्शन नाही."

रविवारी साडेतीन वाजता सगळं जिथल्या तिथं होतं. स्मिताबाईंनी नारळाच्या वड्या करून टेबलावर ठेवल्या होत्या. कमळाकर इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले होते आणि एका कागदावर लिहिलेली वाक्यं पाठ करत होते. 'काय मफिन, जेवण झालं का?' हे पहिलं वाक्य होतं. ते त्यांनी म्हटलं तेव्हा मफिन बावीसपैकी एकोणीस वड्या खाऊन विसाव्या वडीवर होता.

"मफिन, हे तुझं वर्तन योग्य नाही," कमळाकर म्हणाले. हे वाक्य कागदावर नव्हतं. मफिननं उरलेल्या दोन वड्याही संपवल्या.

तेवढ्यात बेल वाजली. भागीरथीबाई वेळेआधी आल्या असं समजून कमळाकरांनी हसऱ्या चेहऱ्यानं दार उघडलं. दारात पार्सलवाला होता. "पाटील?" त्यानं विचारलं. "पाटील समोर," असं कमळाकर म्हणेपर्यंत त्या दोघांच्या पायांमधून काहीतरी पिवळं आणि जड गेलं.

"अहो, कुत्रा," स्मिताबाई आतून म्हणाल्या.

कमळाकर धावले. गेल्या दहा वर्षांत ते असे धावले नव्हते. तीन मजले उतरेपर्यंत मफिन गेटबाहेर होता, ते गेटबाहेर येईपर्यंत तो कोपऱ्यावर होता आणि ते कोपऱ्यावर पोहोचले तेव्हा तो कुठेच नव्हता.

पहिल्या चौकापर्यंत ते "मफिन, थांब" असं ऑफिसच्या आवाजात म्हणत होते. दुसऱ्या चौकात एका भाजीवाल्यानं "काका, काय पायजेल?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला सगळी हकिगत सांगितली, अगदी वड्यांसकट. मग इस्त्रीवाल्याला सांगितली, रिक्षा स्टँडवर सांगितली, बागेच्या बाकावरच्या तीन अनोळखी आज्यांना सांगितली. आज्यांनी हात लांब करून खाडीची दिशा दाखवली. सारसोळ्याच्या वळणावर त्यांना धाप लागली आणि आवाज फुटेना. कुणाची तरी लेकरासारखी जपलेली वस्तू आपल्या हातून हरवली, तीसुद्धा खोटं दाखवायला मागून आणलेली. आणि मग आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून न निघालेली मालवणी आपोआप बाहेर आली.

"अरे माझ्या बाबा, खंय गेलंस रे? ये मरे, रागावनंय नाय तुका. आनीक वडये दितंय. ये रे बाबा."

जेट्टीकडच्या रस्त्यावर त्या ओळखीच्या अंगणासमोर मफिन बसलेला होता. त्याच्या एका बाजूला सुरमई होती आणि समोर बांगड्याची डोकी. भागीरथीबाई स्कूटीवर एक पाय ठेवून फेरतपासणीला निघायच्या बेतात होत्या.

कमळाकरांनी आधी मफिनचा पट्टा धरला, मग त्याच्या मानेला मिठी मारली आणि मग उभं राहून ते सरळ सांगू लागले.

"हा कुत्रा माझा नाही. तुम्हाला दाखवायला वरून मागून आणला होता. मी कुत्र्याशी बोलतो असं दाखवायचं होतं. वाक्यं लिहून पाठ केली होती. तुमच्यासाठी केलेल्या वड्या यानं खाल्ल्या आणि माझ्या चुकीनं दार उघडं राहिलं. फेरतपासणी रद्द समजा. याला धड पोहोचवतो आणि गप्प घरी बसतो. तुमचा पहिला निकाल बरोबर होता."

भागीरथीबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या खाली बघत होत्या. कमळाकरांनीही खाली पाहिलं. त्यांच्या पायात काही नव्हतं. उजव्या अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं.

"कुत्रा पलाला ना साहेब, की लोक घरी बसून आमाला फोन करतान," त्या म्हणाल्या. "म्हनतान, तुमचा कुत्रा पलाला, बगा काय ते. असा अनवानी कोन येत नाय." त्यांनी स्कूटी स्टँडवर लावली. "झाली तपासनी. पास."

मागून एक रिक्षा येऊन थांबली आणि स्मिताबाई उतरल्या. त्यांच्या हातात नवऱ्याच्या चपला होत्या. त्याच रिक्षातून दोन कुत्री आणि दोन माणसं घरी आली. सुरमई पहिल्या मजल्यावर दमून बसली, तेव्हा कमळाकरांनी तिला उचलून घेतलं. "साडेअठरा किलो," दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले. "फार तर पन्नास ग्रॅम इकडंतिकडं."

महिनाभरानं भागीरथीबाई ठरल्याप्रमाणे पुन्हा घर बघायला आल्या. स्मिताबाई सुरमईला घेऊन खाली गेल्या होत्या. कमळाकरांनी स्वतः चहा केला आणि समोर बसून बोलायला सुरुवात केली. सुरमई सकाळी कधी उठते, भाजीवाला तिला गाजर कसं देतो, बागेतल्या आज्या तिची रोज कशी चौकशी करतात, आणि तिच्यामुळे आपल्या चौकशीलाही थांबतात.

"तुमचे आभार मानायचे होते," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी मला नापास केलं नसतंत, तर मी हिला कधीच आणलं नसतं."

भागीरथीबाईंनी कप खाली ठेवला. "मी कुठं नापास केला? मी वहीत पास लिवलता. त्या संध्याकाली स्मिताताईंचा फोन आला. म्हनल्या, पास केलंत तर हे उद्याच काहीतरी कारन काढून नको म्हनतील. नापास करा, मग बगा कसे धावत येतात."

कमळाकरांनीही आपला कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणि ते कारण? मी कोणाशी बोलत नाही, ते?"

"त्यापन त्यांनीच सांगितला. त्या बोलल्या, मी लिवून घेतला. मी वीस मिन्टं बसलेली, साहेब. मला काय ठावं?"

त्या गेल्यावर कमळाकरांनी फोन काढून तो जुना निकाल परत वाचला. 'साहेब दिवसभर कोणाशी बोलत नाहीत.' परक्या बाईनं वीस मिनिटांत काढलेला निष्कर्ष म्हणून ते या वाक्यावर किती चिडले होते. वाक्य वीस मिनिटांचं नव्हतं. ते बरीच वर्षं या घरात कुणीतरी गप्प बसून सांभाळलं होतं, आणि सांगायची वेळ आली तेव्हाही दुसऱ्याच्या तोंडून सांगितलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. सुरमई आणि स्मिताबाई आत आल्या, दोघीही दमलेल्या. बाहेर पाइपलाइनचं खोदकाम चालू होतं, त्यामुळे सुरमईचे चारही पाय चिखलानं भरले होते. कमळाकरांनी दारामागचं फडकं घेतलं आणि ते खाली बसले. टेबलावर दोन रिकामे कप होते. ते स्मिताबाईंना दिसले, नवऱ्याचा चेहराही दिसला.

"भागीरथीताई येऊन गेल्या वाटतं."

"हो."

"सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं."

स्मिताबाईंनी पट्टा खुंटीला लावला. जरा थांबून, पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "रागावलात?"

कमळाकरांनी सुरमईचा पाय हातात धरला होता. बोटांच्या मधली माती निघत नव्हती, म्हणून ते फडक्याचं टोक घालून ती काढत होते.

"एक पाय राहिलाय," ते म्हणाले. "तो पुसू दे. मग बसून सगळं सांगतो."