लाल पेन्सिलीतलं ‘बाहेर’

विलासराव दुकानात आले की आधी लाकूड चाटतात.

माझं देवळाली प्रवऱ्यात प्लायवूडचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, प्लायवर टिचकी मारतं, भाव ऐकून तोंड वाकडं करतं आणि जातं. विलासराव येतात, व्हीनिअरचा, म्हणजे कागदासारख्या पातळ लाकडाचा तुकडा उचलतात, एका बाजूनं जीभ फिरवतात आणि तळहातावर ठेवून बघत बसतात. बसतात म्हणजे उभेच. ओली बाजू फुगते, तुकडा हळूहळू वळायला लागतो, की हे ओरडलेच, “बघा शेठ! लाकडाला कळतं!”

एकदा दाराचा प्लाय न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं हा प्रकार पाहिला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “पावनं उपाशी हायेत का?”

काय सांगणार त्याला? विलासराव आर्किटेक्ट आहेत. पुण्यात काचेच्या मोठमोठ्या इमारतींची तोंडं कॉम्प्युटरवर काढायचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोची, मंदावहिनींची, उजवी बाजू लकव्यानं गेली. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वहिनींचा जीव घुसमटायला लागला, तेव्हा नोकरी सोडून त्यांना इथल्या घरी घेऊन आले. एका खोलीत वहिनींची कॉट, दुसऱ्या खोलीत यांचा कॉम्प्युटर.

आणि डोक्यात ही पट्टी! दोन थर चिकटवायचे, एक ओल पिणारा, एक न पिणारा. हवा दमट झाली की पिणारा थर फुगतो आणि पट्टी वाकते. अशा पट्ट्यांची भिंत करायची. कोरड्या हवेत पट्ट्या उघड्या, पाऊस आला की आपोआप बंद. “वायर नको, मोटर नको, माणूस नको!” हे त्यांचं पालुपद. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, कुणाच्या दहाव्याला, कुठंही. दहाव्याला तरी नको ना हो!

कुठली पट्टी किती पातळ, लाकडाच्या रेषा कुठल्या कोनात, किती ओलीला किती वाक, हे सगळं ते कॉम्प्युटरकडून काढून घेत. शेकडो पट्ट्या, प्रत्येकीचं माप वेगळं. मी एकदा म्हणालो, “सगळ्या सारख्याच कापल्या तर?” तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या घरच्यांना शिवी दिली.

स्वस्थता म्हणून नाही त्या माणसाला. गळ्यात हवेची ओल मोजायचं घड्याळासारखं यंत्र. बोलता बोलता ते बघणार, मधेच उठून रस्त्यावर जाणार, आभाळ बघून परत येणार. उठून म्हणजे पुन्हा उभेच हो. त्यांच्यासाठी म्हणून मी काउंटरपाशी एक खुर्ची ठेवली होती, तिच्यावर शेवटी फेविकॉलचे डबे रचले. एकदा चिडवायला विचारलं, “साखर कारखान्याच्या धुराड्याची राख उडून आली की मिटतात का पट्ट्या? राख कळते का लाकडाला?” गडी तसाच चालता झाला. आठ दिवस तोंड दाखवलं नाही. नवव्या दिवशी दारातूनच म्हणाले, “राख नाही कळत,” आणि गेले. मलाच वाईट वाटलं.

त्यांना पाहिजे होती एक भिंत. खरीखुरी, कुणाच्या तरी उपयोगाची. दोन वर्षं गावात ज्याला त्याला मागत होते आणि गाव हसत होतं. माझी मळ्यात कांद्याची चाळ आहे. कांद्याला वारा लागतो म्हणून भिंती फटीफटींच्या, आणि पाऊस आला की ताडपत्री सोडायला आम्ही धावायचं. त्या चाळीची पश्चिमेची भिंत विलासरावांच्या डोळ्यांत भरली.

“शेठ, द्या ना. तुमचं धावणं वाचेल.”

“माझे कांदे सडले म्हणजे?”

“लाकडाला...”

“कळतं, माहितीये. आधी स्वतःच्या खिडकीला लावा. एका चांगल्या पावसात मिटलेली दाखवा, भिंत तुमची.”

हा शब्द मी दिला आणि माणूस झपाटला. तीन आठवड्यांत वहिनींच्या कॉटशेजारच्या खिडकीला पट्ट्या लागल्या. मला बोलावणं आलं. मी गेलो, भुरभुर सुरू झाली, विलासराव हात वर करून उभे. आणि काय सांगू! सगळ्या पट्ट्यांनी एकदम आऽ केला. पाणी थेट वहिनींच्या गोधडीवर. वहिनी हसून हसून बेजार. “आवं, आंघोळ घालताय व्हय मला?” त्यांचं माहेर मिरजगाव, पुण्यात इतकी वर्षं काढली पण बोलणं तिथलंच.

झालं होतं इतकंच, की हा शेकडो मापं पाठ असलेला माणूस पट्ट्या उलट्या लावून बसला होता. आतली बाजू बाहेर! मी खिशातली लाल पेन्सिल काढून दिली. “लिहा प्रत्येक पट्टीवर, ‘बाहेर’. पहिलीतल्या पोरासारखं.” निमूटपणे लिहिलं.

पुढच्या पावसात भिजून चिंब होऊन दुकानात आले. “मिटल्या! शेठ, मिटल्या! एक थेंब नाही आत!” माझे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. मी म्हणालो, “डोळ्यांनी बघतो, मग चाळ.” त्यानंतर रोज फोन. आजही मिटल्या. आजही मिटल्या. मग एकाएकी फोन बंद झाले.

पंधरा दिवसांनी दुपारी धो धो आला. म्हटलं, बघूनच येऊ. छत्री घेऊन गेलो. दार उघडंच होतं. वहिनींच्या खोलीशी आलो आणि बघतो तर खिडकी सताड उघडी! माझं टाळकंच सरकलं. दोन वर्षं डोकं खाल्लं, आणि हे?

हाक मारणार तेवढ्यात नजर पट्ट्यांवर गेली. लाल अक्षरं खोलीच्या आतून दिसत होती. ‘बाहेर’, ‘बाहेर’, ‘बाहेर’. प्रत्येक पट्टीवर.

“आवं, पानी येतंय!” वहिनींनी हाक मारली.

विलासराव कॉम्प्युटरच्या खोलीतून धावत आले. मी दारात आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. खिडकीला एक फळी आडवी लावली, कट्ट्यावरचं पाणी पुसलं, वहिनींचे पाय पुसले. आणि कॉटच्या कडेला बसले. चार वर्षांत मी त्या माणसाला पहिल्यांदा बसलेलं बघत होतो.

“पोटऱ्या गार पडल्यात गं तुझ्या,” ते म्हणाले आणि पाय मांडीवर घेऊन चोळायला लागले.

मी खाकरलो. ते दचकले, “चहा टाकतो” म्हणत आत पळाले. वहिनी हळूच म्हणाल्या, “खिडकी आपली आपली मिटाया लागली, तवा धा दिस हिकडं फिरकलं न्हाईत. सारखं त्या कंपुटरपुढं, तुमच्या चाळीची मापं. मी म्हन्लं, बरी केली खिडकी, आता मला हाक मारायचं बी काम न्हाई. मानूस नको म्हंता, पर मला इचारलं का? बोललं कायबी न्हाईत. सांच्याला सगळ्या पट्ट्या काढल्या आन् उलट्या लावल्या.”

 मी ओली छत्री मिटून कोपऱ्यात टेकवली.

विलासराव चहा घेऊन आले आणि पुन्हा कॉटच्या कडेला बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “फेल गेलं, शेठ.”

“दिसतंय.”

“चाळ राहिली मग.”

गावाचं हसणं ऐकून घेतलेली दोन वर्षं त्या तीन शब्दांत होती, आणि माणूस ती मुकाट्यानं सोडून द्यायला निघाला होता. मला त्यांचा रागही आला आणि मायाही आली.

“विलासराव,” मी म्हणालो, “चाळीत कांदे असतात. आपल्यापाशी कुणी येऊन बसावं, असं काही कांद्याला वाटत नाही. पश्चिमेची भिंत तुमची. ‘बाहेर’ मात्र बाहेरच ठेवा.”

एरवी हा माणूस छत्री न घेता, चप्पल न घालता तसाच मळ्यात पळाला असता. हात गळ्यातल्या यंत्राकडे गेला, उठायलाही लागले. मग वहिनींच्या पायांकडे बघून परत खाली बसले.

“उद्या येतो मापं घ्यायला,” ते म्हणाले. “आत्ता पाऊस आहे.”