हनुमंतच्या घशातलं बोर

पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या हनुमंतला कंपनीनं प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, आणि लगेच रविवार आला. (सुट्टी नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.) नऊ वर्षांच्या आपल्या गौतमीला आणि शेजारच्या साहिल-रोहिणीला जीव वाचवायला शिकवायचं, असं त्यानं ठरवलं. ओट्यावर सतरंजी घातली, गळ्यात शिट्टी अडकवली. शिट्टी कशाला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"समजा, माझ्या घशात काहीतरी अडकलं. खोकत असलो तर खोकू द्यायचं. पण आवाजच निघंना, तर पुढं वाकवायचं आणि दोन्ही खांद्यांच्या मधी तळहातानं जोरात थापा मारायच्या. मघाशी किती सांगितल्या?"

"पाच!"

नुसतं 'समजा' म्हणून पोरांना कळायचं नाही, म्हणून त्यानं एक बोर तोंडात टाकलं. ते थेट घशात जाऊन बसलं.

हनुमंतचे डोळे मोठे झाले, हात गळ्याकडे गेले. साहिलनं टाळ्या पिटल्या.

"काका लई भारी करत्यात!"

"अवो, पुरे ती नाटकं," बायको, नलिनी, आतून म्हणाली. "दळण आणायचं हाय."

हनुमंत आनंदानं दळणाला गेला असता. पण श्वास येत नव्हता. आपण बोरानं जाणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. त्यानं शिट्टी तोंडात धरून फुंकली. फुंकरच निघाली नाही.

गौतमी उठली. "शिट्टी वाजंना! ह्ये खरं हाय! वाकवा पप्पांना!"

साहिल-रोहिणीनं त्याला खाली ओढलं, गौतमी थापा मारू लागली. "एक! दोन! तीन!" चौथ्या थापेला बोर उडून अंगणात पडलं.

"बास... बास..." हनुमंत धापा टाकत म्हणाला.

"पाच सांगितल्यात," म्हणून गौतमीनं पाचवी दिली. ती सगळ्यात जोरात बसली.

मग मात्र ती त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. धावत आलेली नलिनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दळणाचं कुणी नाव काढलं नाही.

सोमवारी पोरांकडून सगळं ऐकून शाळेच्या शारदा मॅडम दारात आल्या. "शनिवारी सगळ्या पोरांना हे शिकवायचंय."

हनुमंतनं घाईघाईनं सर्टिफिकेट काढलं. "येतो की!"

"शिकवेल गौतमी. तुम्ही पेशंट व्हा. इतकं हुबेहूब दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

हनुमंतनं सुट्टीचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, 'घशात बोर अडकणे (शनिवारी, सकाळी नऊ वाजता).'