दत्तूभाऊ आणि दुसरी प्रत

दत्तूभाऊंच्या घरी चहाला जाऊ नये. चहा वाईट असतो म्हणून नव्हे, दूध काढायला फार वेळ लागतो म्हणून. त्यांचा फ्रिज माळ्यावर आहे. पाहुणा आला की भाऊ शिडी लावतात, एका हाताने कंबर धरून वर चढतात आणि तिथूनच ओरडतात, "साखर किती?" मग पातेलं घेऊन उलटे उतरतात. दूध सांडलंच तर थेट पाहुण्यावर सांडतं. मी त्यांच्याकडे पांढरा शर्ट घालूनच जातो.

महाडच्या बाजारपेठेत आम्ही पुराच्या पाण्याबद्दल दूरच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतो. आलं होतं का, किती वेळ थांबलं, काय काय नेलं. पाणी उतरलं की चिखल काढतो आणि दुकान लावतो. भाऊंनी मात्र सावित्री नदीशी कायमचं वैर धरलं. वॉशिंग मशीन ओट्याच्या वर, इन्व्हर्टर खिडकीच्या वर, टीव्ही तर इतका उंच की बातम्या बघून मान आखडते. त्या घरात जमिनीवर राहतात ते एकटे दत्तूभाऊच.

तरुणपणी ते लग्नांत लायटिंग आणि लाऊडस्पीकर लावायचे. पुढे टीव्ही दुरुस्ती, मग कॉम्प्युटर. आज अर्ध्या बाजारपेठेचं बिलाचं सॉफ्टवेअर, कॅमेरे आणि इन्व्हर्टर त्यांच्याच हातचे. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर भाऊंनी अशा उंचीवर बसवलाय की बिल करायला मला स्टुलावर उभं राहावं लागतं. गिऱ्हाईक मान वर करून "दोन वह्या द्या" म्हणतं तेव्हा मला देवळातला देव झाल्यासारखं वाटतं. गुडघे मात्र माणसाचेच राहिलेत.

लोक एकमेकांना "जेवलास का?" विचारतात. भाऊ विचारतात, "बॅकअप घेतलास?"

"घेतो, भाऊ."

"घेतो म्हंजे नाय घेतलास. ठेवतोस कुठे?"

"याच कॉम्प्युटरात."

भाऊंनी कपाळाला हात लावला. "अरे, घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावतोस काय? एकटी वस्तू म्हंजे गेलेली वस्तू!"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांचे चष्मे दोन, फोन दोन, दोन्ही फोनांत सगळं सारखंच. बाजारपेठेचा सगळा हिशोब पेनड्राइव्हवर उतरवून त्यांनी पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या भावाच्या घरी नेऊन ठेवला. का, तर तिथवर पाणी चढणार नाही. पाणी चढलं नाही, पण एके दिवशी भावजयीचा फोन आला. मी तिथेच होतो.

"भावोजी, तुमचा तो काळा चिमटा उंदरानं कुरतडलान."

"कुठचा? लाल दोऱ्याचा की हिरव्या?"

"उंदराला विचारू काय?"

भाऊ दुपारच्या एसटीने पिंजरा घेऊन गेले. एक नाही, दोन पिंजरे.

माणूस लाखातला, पण दमवतो. ते समोरून येताना दिसले की किराणावाला गोणींच्या मागे बसतो. मीही स्टुलावरून उतरून खाली काहीतरी शोधू लागतो. त्यात गेल्या वर्षी त्यांनी नवीन लकडा लावला. ज्याला त्याला विचारू लागले, "लग्नाची कॅसेट हाय? जुनी, व्हीएचएसची? द्या, पेनड्राइव्हवर करून देतो. फुकट."

फुकट म्हटल्यावर महाडचा माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो. भाऊ असं काय करतात हे कुणाला कळेना. कळलं ते चहाच्या टपरीवर, आणि तेही भलत्याच रीतीने. टपरीवाला शंकर तोंडाचा फटकळ. कप पुढे करत म्हणाला, "काय भाऊ, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. मग बायकोच तेवढी एक जादा का नाय ठेवलीत?"

बाकावरचे सगळे आपापल्या कपात बघू लागले. सुलूवहिनींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण असं कुणी बोलत नाही. शंकरलाही ते उशिरा उमगलं. तो उगाच फडक्याने बाक पुसू लागला.

भाऊ रागावले नाहीत. म्हणाले, "तिचीच प्रत नव्हती ना रे."

परतताना त्यांनी मला सांगितलं. वहिनींचं जे काही फोटो-शूटिंग होतं, बारशाचं, सणावाराचं, सगळं त्यांनी एका हार्ड डिस्कवर हौसेने साठवलं होतं. पाणी आलं तेव्हा ती डिस्क दुकानात खालच्या फळीवर होती.

"फोटो मिळाले पाहुण्यांकडून," भाऊ म्हणाले. "पण फोटो बोलत नाय. ती काय गप्प बसणारी बाई होती? आता मला तिचा आवाज नीट आठवेनासा झालाय. ती काय बोलायची ते आठवतं, कसं बोलायची ते नाय आठवत. मुलगी डोंबिवलीला असते. तिला विचारलं, तर म्हणते, बाबा, आवाज कसा सांगू?"

सुलूवहिनी हळदीची गाणी म्हणायच्या. पाचाडपासून कशेडीच्या पायथ्यापर्यंत कुणाचीही हळद असो, वहिनींना बोलावणं असायचं. म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या कॅसेटीत त्या असणारच. भाऊंचा हिशोब चोख होता.

त्यानंतर भाऊंना बघून मी कधी स्टुलावरून उतरलो नाही. भाऊंनी भंगारातून दोन व्हीसीआर उभे केले. आमच्याकडच्या दमट हवेत कॅसेटीला बुरशी धरते. ती बुरशी भाऊ रीळ फिरवत फिरवत कापसाने पुसायचे. वीर स्टेशनापलीकडच्या वाड्यांतूनही पिशव्या भरून कॅसेटी आल्या. लोकांची लग्नं एकेक करून पेनड्राइव्हवर गेली. लोक खूष झाले. भाऊ मात्र दिवसेंदिवस थकत गेले. एके दिवशी दुकानात आले, बसले आणि बॅकअपचं न विचारताच उठून गेले. तेव्हा मात्र मी घाबरलो. संध्याकाळी त्यांना घरी घेऊन आलो.

"सापडल्या नाहीत का वहिनी?" मी विचारलं.

"सापडली की. कितीतरी लग्नांत सापडली. लाटणं हातात घेऊन उभी हाय, हळद लावतेय, गातेय." भाऊंनी डोळे मिटले. "पण त्या काळचे शूटिंगवाले! कॅसेट पनवेलला पाठवायचे, मिक्सिंगला. मूळचा आवाज पुसून वर सिनेमातली गाणी चढवायची. ही तोंड हलवते आणि आतून भलतीच बाई गाते. सगळ्यांनी गाणी घातलीन रे. एकानं तरी तशीच ठेवायची!"

माझी बायको मंदा चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

"भाऊ, आमच्या कॅसेटीत एकसुद्धा गाणं नाही."

हे खरं होतं, आणि आमच्या संसारातलं ते जुनं दुखणं होतं. आमच्या लग्नाचा शूटिंगवाला हळदीच्याच दिवशी मंदाच्या एका मैत्रिणीच्या प्रेमात पडला. प्रकरण इतकं पुढे गेलं की आमच्याआधी त्यांचाच संसार सुरू झाला. दोघं सुरतेला निघून गेले आणि आमची कॅसेट मिक्सिंगला गेलीच नाही. सगळ्यांच्या कॅसेटीत नाचगाणी आणि आमच्यात नुसता कालवा, म्हणून मंदाने ती पाचाडला माहेरीच टाकून ठेवली होती; भाऊंना द्यायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

"तुमच्या हळदीला लायटिंग माझंच होतं," भाऊ सावकाश म्हणाले. "ती आलेली माझ्याबरोबर."

रविवारी मंदाच्या भावाने कॅसेट आणून दिली. भाऊ दोन्ही व्हीसीआर घेऊन आले. आमच्या बैठकीत वायरींचं जाळं पसरलं. पडद्यावर आधी नुसत्या रेघा पळाल्या, मग मांडव दिसला, मग हिरव्या साडीतली एक मुलगी. मग पुन्हा तीच. मग तिचा कान.

"ही बघा, ही!" मंदा उसळली. "माझ्या लग्नात माझ्यापेक्षा हीच जास्त आहे! मेल्यानं मला दोनदासुद्धा घेतलं नाही!"

आणि कॅमेरा त्या हिरव्या साडीवरून हलायला तयार नसल्यामुळेच तिच्या शेजारी बसलेली बाईही पडद्यावरून हलेना. नऊवारी, कपाळाला हळद, मान जराशी तिरकी. सुलूवहिनी गात होत्या. आवाज जाडसर होता, थोडा घोगरा, शेवटचा शब्द लांब ओढणारा. कालव्यातूनही तो वेगळा ऐकू येत होता.

भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मधेच वहिनींनी गाणं तोडलं. कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी बघून ओरडल्या, "अवो! ती वायर तशी आडवी नका टाकू! पोरं पडतील अडखळून!"

पडद्याबाहेरून एका तरुण माणसाचा आवाज आला, "हाय माझं लक्ष!"

"कसलं लक्ष! लक्ष हाय म्हणतात नि वायर आपली तिथंच!" बायका हसल्या. वहिनीही हसल्या आणि गाणं जिथं तोडलं होतं तिथून पुन्हा उचललं.

भाऊ उठले. मला वाटलं, कॅसेट मागे घेतील. पण ते टीव्हीकडे गेलेच नाहीत. व्हीसीआरची लांब वायर दारापासून बैठकीच्या मधोमध आडवी पडली होती. ते खाली बसले, ती गोळा केली, भिंतीच्या कडेने सरळ लावत गेले आणि खिशातून चिकटपट्टी काढून जागोजागी दाबत राहिले. मंदा "राहू दे हो, भाऊ" म्हणणार होती. मी तिला हाताने थांबवलं. त्यांच्या पाठीमागे वहिनी गातच होत्या.

शेवटचं टोक अंगठ्याने दाबून धरत, भिंतीकडे तोंड करून, भाऊ हळूच म्हणाले, "केली गो बाजूला."