तटिनीच्या अर्थाची हजेरी

त्या गावात बारशाला नावाच्या अर्थाने स्वतः हजर राहून नगरपालिकेच्या वहीत सही करावी लागे. मुहूर्त टळेपर्यंत तो आला नाही, तर खोलीत जो दुसरा अर्थ बसलेला असेल तो मुलीला जन्मभर लागे.

ऋजुता उपासनीने भावाच्या मुलीचं नाव तटिनी ठरवलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यात कोणाला बोलता येत नव्हतं. तटिनी म्हणजे नदी. नदीला रीतसर आमंत्रण गेलं होतं. मुहूर्त पाच वाजून दहा मिनिटांचा, घर तिसऱ्या मजल्यावर. पाच वाजले तरी जिना कोरडा होता.

सोफ्यावर मात्र आज्ञाधारकपणा चार वाजल्यापासून बसला होता. गुडघे जुळवून, मांडीवर बशी घेऊन तो घुगऱ्या खात होता.

"याला कोणी बोलावलं?" ऋजुताने विचारलं.

"मी. असू दे गं, अडीनडीला बरा," आई म्हणाली. "तुझ्या बारशालाही आला होता बिचारा."

"मग?"

"मग काय! तू असा गळा काढलास की घुगऱ्या न खाताच गेला."

ऋजुता गॅलरीत गेली, आत आली, पुन्हा गेली.

"सहा मिनिटं," नगरपालिकेचे कारकून पाटसकर वही उघडत म्हणाले. आज्ञाधारकपणाने बशी ठेवली आणि हात पुसले.

पाच वाजून सात मिनिटांनी नदी आली. आधी दारातल्या चपला आत आल्या, मग ती. जिने चढून तिला धाप लागली होती. आईने बसायला पाट दिला, तो तरंगू लागला.

"वेळेत आलात," पाटसकर म्हणाले. "अर्थ, नदी. आता उगमाचा रकाना."

"भलतंच काय!" आई ओरडली. "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये!"

पाटसकरांनी पेन खाली ठेवलं. "तेही खरंच. गेल्या वर्षी रकाना कोरा राहिला म्हणून एक ऋषी असेच परत पाठवावे लागले."

"मग तिचं तिला सांगू दे," ऋजुता म्हणाली.

"न विचारता सांगितलेलं आम्ही नोंदवत नाही."

खोलीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. आज्ञाधारकपणा वहीकडे सरकला. बारा दिवसांचं बाळ त्याच्याकडे बघून हळूहळू हात जोडू लागलं.

ते ऋजुताने पाहिलं.

"विचारू नये म्हणे! विचारलं की आटते का ती?" ती नदीसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, कुठून आलात तुम्ही?"

कोणीतरी 'शिव शिव' म्हणालं. नदीला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"एका खडकाखालून," ती म्हणाली. "तो बाजूला होईना."

"खडकाखालून," पाटसकरांनी लिहिलं आणि सही घेतली. पान भिजलं, ते त्यांनी ग्राह्य धरलं.

ऋजुताने बाळाच्या कानात नाव सांगितलं. बाळाने जोडलेले हात सोडवले, मुठी वळल्या आणि टाहो फोडला. आज्ञाधारकपणा सगळ्यांची परवानगी घेऊन उठला. खालच्या मजल्यावर गुरुवारी बारसं होतं.

बायकांनी पाळण्याचं गाणं सुरू केलं. दोरी ओढायला कोणाला उठावं लागलं नाही. पाणी गुडघ्याला लागलं तसा पाळणा जमिनीवरून उचलला गेला आणि दाराकडे निघाला. ऋजुताने वाटेतली खुर्ची तेवढी बाजूला केली.