द्वारकाबाईंचे वरण आणि पाताळीचे जड पाणी

श्रीगजानन प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न, आणि गच्चीवरील टाकी सदा प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासी, शहराच्या पश्चिम अंगास जे नवे राज्य वसले, ज्याचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही, तेथे पाण्याने जो गहजब मांडिला त्याची हकिकत ऐसी जे. राज्य सात मजली, भोवती कोट, वेशीवर शिटी घेतलेला पहारेकरी, सर्व सुबत्ता, परंतु पाणी पाताळातले. बोअर मारून जे वर काढिले ते दिसण्यात निर्मळ आणि स्वभावे बहुत जड, आणि त्यात क्षार इतके की बादलीस पांढरी रेघ, नळाच्या तोंडास पांढरी दाढी, आणि गीझर म्हणोन जो मातब्बर सरदार न्हाणीघरात टांगिला होता तो वर्ष न भरता पोटात खडे होऊन धारातीर्थी पडला. साबण घासून हात भरून येती परंतु फेस येईना, आणि पंचे वाळून पापडासारखे कडक होती, आणि चहावर तवंग धरी. मग प्रजेने बोंब मारावी, मग कारभारी मंडळाने सभा भरवावी, सभेत वेफर्स खाऊन टँकर मागविण्याचा ठराव करावा, आणि टँकर यावा तोही शेजारच्या पाताळाचाच.

या राज्याच्या पाचव्या मजल्यावर श्रीरंगराव नेवासकर राहत, आणि त्यांच्या मातोश्री द्वारकाबाई प्रवरेकाठचे घर बंद करून त्या वर्षी लेकाकडे राहावयास आल्या. लेक आणि सून केतकीबाई दोघेही चाकरीस सकाळीच स्वारी करीत, म्हणोन मुदपाकखाना बाईंकडे आला. बाईंचे वरण प्रवरेकाठी ऐसे नामांकित की लग्नकार्यात आचारी हजर असता वरणापुरते बाईंस बोलावणे येई. येथे आल्यावर त्यांनी पहिली डाळ लाविली आणि झाकण काढून पाहतात तो दाणा दाणा टणक, खाली डाळ बसली आहे आणि वर पाणी तरंगते आहे. मग बाईंनी डाळ बदलिली, वाणी बदलिला, कुकरची रिंग बदलिली, शिट्या वाढविल्या, इतक्या की समोरचे बिऱ्हाड दार उघडून पाहो लागले, परंतु डाळ शरण येईना. केतकीबाईंनी भीत भीत सुचविले, "आई, चिमूटभर सोडा टाकून बघायचा का?" त्यावर बाई कडाडल्या, "माझ्या वरणात सोडा? हे काय हॉटेल आहे?" मसलत तेथेच मोडली.

आणि एके दुपारी ओट्याशी उभ्या राहून बाईंनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि मनाशी म्हणाल्या, हात गेला. वय झाले की नजर जाते, गुडघे जातात, तैसा आपला हात गेला. बाईंस फार वाईट वाटले. लेकाच्या घरी आपण कशासाठी आहो, हे ज्या एका गोष्टीमुळे विचारावे लागत नव्हते तीच गेली, ऐसे त्यांस वाटले, आणि हे त्या कोणासही बोलिल्या नाहीत.

येथे एक कलम सांगणे जरूर. त्या घरात आरओ म्हणोन फिल्टर होता, तो जड पाणी पिऊन गोड पाणी सोडी, परंतु धार करंगळीहून बारीक, आणि जितके दे त्याहून अधिक मोरीत ओती. बाईंचा कायदा कडक की फिल्टरचे पाणी पिण्याचे, स्वयंपाकास नळाचे, कारण उकळले की सगळे पाणी सारखेच. डाळीवर पिण्याचे पाणी उधळणे त्यांस पाप वाटे. इतका बंदोबस्त असोनही खजिना नेहमी तुटीत येई, आणि श्रीरंगाला लहानपणापासून तहानच फार, ऐशी बाईंनी मनाची समजूत घातली होती.

ऐसे असता धाकटे बंधू बाळकृष्णपंत यांचा फोन आला. "अक्का, रविवारी जेवायला येतो. बाकी काही नको, तुझं वरण-भात फक्त." बाईंनी हो म्हणोन फोन ठेविला. त्यांनी निश्चय केला की रविवारी डाळ शिजली तर ठीक, नाही तर पळी सुनेच्या हाती द्यावी आणि उद्यापासून डबा लावा म्हणोन सांगावे.

रविवार उगवला आणि कारभारी मंडळाने नेमकी त्याच दिवशी टाकी धुवावयास काढिली. बाई डाळ धुऊन नळ सोडितात तो नळ नुसताच खोकला. इकडे तिकडे पाहता सिलिंडरच्या मागे ताटली झाकलेली भरली कळशी दिसली. सुनेने नळाचे भरून ठेविले, पोर शहाणी आहे, ऐसे म्हणोन त्यातले डाळीस आणि भातास घातले, उरले ते भाजीस. मग शिट्या झाल्या, मग कुकर निवाला, मग देवाचे नाव घेऊन बाईंनी झाकण काढिले. डाळ लोण्यासारखी मऊ. पळीने घोटावयास गेल्या तो घोटावयास काही उरलेच नव्हते. बाईंच्या डोळ्यांस पाणी आले आणि त्या मोठ्याने बोलिल्या, "आला! माझा हात परत आला!"

इतक्यात डोईस शांपू फासलेल्या, मानेवरून ओघळ चाललेल्या केतकीबाई सिलिंडरमागे चाचपीत आल्या.

"आई, इथली कळशी?"

"डाळीला घातली. का गं?"

केतकीबाईंनी डाळीकडे पाहिले, सासूच्या तोंडाकडे पाहिले. गप्प राहत्या तर चोरी पचत होती. परंतु उद्या डाळ पुन्हा टणक होईल आणि हे तोंड पुन्हा उतरेल, हे त्यांच्या ध्यानात आले.

"आई, ते फिल्टरचं पाणी होतं. मी चोरून भरून ठेवते, केस धुवायला. नळाच्या पाण्यानं मुठीमुठीनं गळतात हो. हात कुठे गेला होता तुमचा? पाणीच वाईट आहे."

बाईंनी पळी खाली ठेविली. मग बोलिल्या, "म्हणजे माझा हात गेलाच नव्हता?"

"छे हो! तुम्हाला असं वाटत होतं? मला सांगायचं तरी."

"तू सांगितलंस का मला केस गळतात ते?"

मग बाईंनी फिल्टरची तोटी सोडिली, पोटातले होते नव्हते ते सारे पातेल्यात काढिले, सुनेस मोरीवर वाकविले आणि आपल्या हाते तांब्या तांब्या ओतून तिचे केस धुतले. केतकीबाई ओरडल्या, "आई, मामांना प्यायला!" बाई म्हणाल्या, "मान हलवू नकोस."

बाळकृष्णपंत आले, पानावर बसिले, वरण-भाताचा पहिला घास घेतला आणि पाहता पाहता पान पुसून दुसऱ्यांदा भात मागितला. मग पुसिले, "अक्का, पाणी?" अक्का म्हणाल्या, "ताक पी."

तह जाहला तो येणेप्रमाणे: फिल्टरचे पाणी आधी डाळीस, मग केतकीच्या केसांस, मग उरेल ते पिण्यास. पाणी अद्याप जड आहे, नवा गीझर खंगत चालला आहे, मंडळाची पुढील सभा ठरली आहे. परंतु पळी द्वारकाबाईंकडेच आहे, आणि दर रविवारी सुनेच्या डोईवर पहिला तांब्या त्याच ओततात. इतकी हकिकत.